वाढलेल्या गावाला स्वतःची पट्टण पंचायत कशी मिळवायची?

बेळगावहून खानापूर रस्त्याला लागलं की उद्यमबागच्या फाउंड्र्या संपतात न संपतात तोच पिरनवाडी लागते आणि पिरनवाडी संपते न संपते तोच मच्छे. मध्ये शेत असं उरलेलंच नाही. या दोन्ही गावांना ग्रामपंचायतीतून पट्टण पंचायतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या सर्वात लहान नागरी संस्थेचा, दर्जा मिळाला. शहराच्या इतर अंगांना हिंडलगा, कंग्राळी, बेनकनहळ्ळी, येळ्ळूर ही गावंही अशीच ग्रामपंचायतीच्या छत्राखाली वाढत गेली. तिकडे निप्पाणी भागात आणि खानापूर तालुक्यातही बाजाराची मोठी गावं आहेत. घरं शहरासारखी, भाडेकरू शहरासारखे, कचरा शहरासारखा. पण तो उचलायला एक ट्रॅक्टर आणि दोन माणसं. सांडपाणी शेवटी उतरतं ते खालच्या भातशेतात.

अशा गावात दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी म्हणतं, "आपल्याला पट्टण पंचायत पाहिजे." निवेदन दिलं जातं, फोटो निघतो, पेपरात येतो आणि विषय तिथेच थांबतो. आमच्याही गावाचं पहिलं निवेदन असंच गेलं होतं. दोन पानं भरून व्यथा लिहिल्या होत्या. क्षेत्रफळ, सर्व्हे नंबर, नकाशा यातलं काहीच जोडलं नव्हतं. कार्यालयातल्या कारकुनानं ते उलटंपालटं करून विचारलं, "हद्द कुठली?" आमच्यातल्या एकालाही सांगता आली नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. हा दर्जा मोर्चानं मिळत नाही, कागदानं मिळतो. मोर्चा लागतो तो कागद तयार झाल्यानंतर, तो पुढे सरकवायला.

आधी नावं नीट समजून घ्या

कर्नाटकात नागरी संस्थांच्या चार पायऱ्या आहेत. लोकसंख्या १० हजार ते २० हजार असेल तर पट्टण पंचायत, २० ते ५० हजार असेल तर पुरसभा, ५० हजार ते ३ लाख असेल तर नगरसभा आणि त्यावर महानगरपालिका. खानापूर, एकसंबा, बोरगाव ही पट्टण पंचायतींची उदाहरणं, निप्पाणी आणि गोकाक या नगरसभा, आणि बेळगाव ही ५८ प्रभागांची महानगरपालिका.

आपले पाहुणे चंदगड-गडहिंग्लजकडे असतात. चंदगडला नगरपंचायत आहे, गडहिंग्लजला नगरपरिषद. बोलताना आपणही सर्रास 'नगरपंचायत' म्हणतो, त्यात काही बिघडत नाही. पण तिकडच्या अर्जाचा नमुना आणून इकडे वापरू नका. तिकडचा कायदा महाराष्ट्राचा आहे. आपल्याला लागू आहे तो कर्नाटक नगरपालिका कायदा, १९६४. त्यातल्या कलम ३४९ मध्ये पट्टण पंचायतीची तरतूद आहे. ग्रामपंचायत चालते ती १९९३ च्या पंचायत राज कायद्यावर, म्हणजे तुमचं गाव एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणार आहे: ग्रामविकास खात्यातून नगरविकास खात्यात. अर्ज रेंगाळण्याचं निम्मं कारण हेच आहे. एका खात्यानं सोडायचं आणि दुसऱ्यानं घ्यायचं.

या सगळ्याच्या मुळाशी १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती आहे, जी १ जून १९९३ पासून अमलात आली. कलम २४३-क्यू म्हणतं की गावातून शहराकडे निघालेल्या भागासाठी नगरपंचायत असावी, आणि असा भाग राज्यपालांनी अधिसूचनेनं ठरवावा. ठरवताना लोकसंख्या, घनता, स्थानिक कारभाराचं उत्पन्न, बिगरशेती रोजगाराचं प्रमाण आणि आर्थिक महत्त्व पाहावं. म्हणजे अंतिम निर्णय सरकारचा. निकष पूर्ण झाले की दर्जा आपोआप मिळतो असं नाही, हे गावाला सुरुवातीलाच सांगून ठेवा.

मोजमाप

पट्टण पंचायतीसाठी कायद्यानं तीन आकडे मागितले आहेत. लोकसंख्या १० हजारांहून कमी नको आणि २० हजारांहून जास्त नको. घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००. आणि एकूण रोजगारात बिगरशेतीचा वाटा किमान ५० टक्के. गाव २० हजारांच्या पुढे गेलं असेल तर पुरसभेचा विचार करावा लागतो. तिथे घनतेची अट एकदम १,५०० वर जाते.

लोकसंख्या म्हणजे आज गावात किती माणसं राहतात ते नव्हे. घटनेतल्या व्याख्येप्रमाणे ज्या जनगणनेचे आकडे शेवटचे प्रसिद्ध झाले आहेत, ती लोकसंख्या धरायची. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आधार २०११ चा. इथेच आपली बरीच गावं अडतात. कागदावर साडेसात हजार आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट. मतदार यादी, हेस्कॉमचे वीज मीटर, नळजोडण्या, शाळांचे पट हे सगळं जोडा, त्यानं वाढ दिसते. पण ते जनगणनेच्या आकड्याच्या जागी चालत नाही. अशा गावासमोर दोनच वाटा राहतात. शेजारचं लगतचं गाव सोबत घेऊन एकत्रित आकडा १० हजारांवर न्यायचा, नाहीतर नव्या जनगणनेची वाट पाहायची.

नवी जनगणना २०२७ ची आहे. लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आणि संदर्भ दिवस १ मार्च २०२७. या कामासाठी गाव-शहरांच्या हद्दी बदलायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५ ठरवली गेली आणि त्यानंतर हद्दी गोठवल्या गेल्या. म्हणजे हा काळ तयारीचा समजा. या काळात कागद तयार केला, तर आकडे येताच अर्ज पुढे जाईल.

तयारीतलं सर्वात मोलाचं काम म्हणजे गणक दारात येईल तेव्हा बरोबर माहिती देणं. कामाच्या रकान्यात काय सांगितलं यावर ५० टक्क्यांची अट पुरी होणार की नाही हे ठरतं. आपल्याकडे घरातला पुरुष उद्यमबागच्या किंवा मच्छेच्या कारखान्यात पाळी करतो आणि सकाळी दोन तास शेतावर जातो. विचारलं की तोंडातून सवयीनं निघतं, "शेती." पण जास्त वेळ कारखान्यात जात असेल, तर मुख्य काम कारखान्याचं. निप्पाणी भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका "काही नाही, घरीच असते" असं सांगतात. विडी वळणं हे काम आहे, तो घरगुती उद्योग आहे आणि तो बिगरशेतीत मोजला जातो. वडगाव-शहापूरला विणकामाच्या मागावर कामाला जाणाऱ्यांचंही तसंच. मातृभाषेच्या रकान्यात मराठी न चुकता सांगा. त्याचा उपयोग पुढे येतो.

आणखी एक गैरसमज. २०११ मध्ये हिंडलग्यासारखी गावं 'जनगणना शहर' म्हणून नोंदली गेली. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की गाव शहर झालं. तसं काही होत नाही. किमान ५,००० लोकसंख्या, घनता ४०० आणि कमावत्या पुरुषांपैकी ७५ टक्के बिगरशेतीत असले की जनगणना खातं आपल्या सोयीसाठी त्याला शहर म्हणतं. कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो. पण अर्जाला जोडायला हा पुरावा उत्तम आहे, कारण शेतीवर गाव चालत नाही हे केंद्र सरकारच्याच नोंदीतून दिसतं.

हद्द

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्यावा. पट्टण पंचायतीची हद्द ग्रामपंचायतीच्या हद्दीएवढीच असली पाहिजे असं नाही. एका ग्रामपंचायतीत तीन-चार गावं, वाड्या असतात. त्यातली एक शहरासारखी, बाकीच्या शेतीच्या. सगळं आत घेतलं तर शिवारामुळे क्षेत्रफळ फुगतं आणि घनता उतरते.

समजा गावची लोकसंख्या १२,००० आहे. पूर्ण शिवारासकट क्षेत्र ३,२०० हेक्टर, म्हणजे ३२ चौरस किलोमीटर. घनता ३७५ येते आणि अर्ज तिथेच पडतो. हीच हद्द वस्ती, लेआउट आणि त्यांच्या लगतच्या सर्व्हे नंबरांपुरती धरून १,२०० हेक्टरवर आणली, तर घनता १,००० होते. हिशेब सोपा आहे: १०० हेक्टर म्हणजे एक चौरस किलोमीटर, आणि एकरात सांगायचं तर साधारण २४७ एकर. मात्र बाहेर राहणाऱ्या वाड्यांची लोकसंख्या वजा करायला विसरू नका.

उलट चूकही होते. हद्द इतकी आवळायची की कचरा डेपोला, पाण्याच्या टाकीला, स्मशानाला जागाच उरत नाही. सरकारी गायरान, तळं, जलस्रोत, कचरा टाकायची जागा हे आत ठेवा. आणि बाहेर राहणाऱ्या वाड्यांचं काय होणार ते आधीच लिहा. त्या शेजारच्या ग्रामपंचायतीला जोडायच्या की स्वतंत्र ठेवायच्या, हे न सांगता पाठवलेला प्रस्ताव त्या वाडीतल्या लोकांना वाऱ्यावर सोडतो, आणि पहिली हरकत तिथूनच येते.

तलाठ्याकडून (आता पदाचं नाव बदललं असलं तरी गावात अजून तलाठीच म्हणतात) गावचा नकाशा आणि सर्व्हे नंबरांची यादी घ्या. नकाशाची मोठी प्रत काढा आणि एका रविवारी चार जण मिळून प्रत्यक्ष फिरा. आम्ही फिरलो तेव्हा एक आख्खी गल्ली अशी निघाली की तिची डावी बाजू आमच्या पंचायतीत आणि उजवी दुसऱ्या. दिव्याचा खांब एकाच्या हद्दीत आणि उजेड दुसऱ्याच्या दारात. वर्षानुवर्षं तो दिवा का दुरुस्त होत नव्हता ते त्या दिवशी कळलं. कागदावर अशी गल्ली दिसत नाही, पायी गेल्यावर दिसते. चारी दिशांच्या खुणा लिहून काढा: पूर्वेला कोणता नाला, पश्चिमेला कोणता रस्ता, कुठला सर्व्हे नंबर आत, कुठला बाहेर.

गावाला आधी सांगा: काय मिळेल, काय जाईल

बहुतेक प्रस्ताव वरच्या कार्यालयात नव्हे, गावातच मोडतात, कारण फायदे सांगितले जातात आणि तोटे लपवले जातात. लोकांना नंतर कळतं आणि ते चिडतात. म्हणून मी उलट्या क्रमानं सांगतो.

जाणारी पहिली गोष्ट म्हणजे ग्रामीण रोजगार योजनेचं जॉब कार्ड. ती योजना ग्रामीण भागासाठीच आहे. गावात त्या मजुरीवर घर चालवणारी कुटुंबं किती आहेत ते मोजा आणि त्यांच्या घरी जाऊन बोला. सभेत हात वर करायला ती माणसं येत नाहीत. दुसरं, ग्रामीण घरकुल योजना बंद होऊन शहरी घरकुल योजनेचे नियम लागू होतात. ज्यांचं नाव ग्रामीण यादीत आहे आणि हप्ता यायचा आहे, त्यांची यादी आधी हातात ठेवा. तिसरी गोष्ट आईवडिलांना फार लागते: पहिली ते दहावी ग्रामीण शाळेत शिकलेल्या मुलांना सीईटीच्या, म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सामाईक परीक्षेच्या, प्रवेशात ग्रामीण कोटा मिळतो. गाव नागरी हद्दीत गेलं की गावातली शाळा ग्रामीण राहत नाही. ज्यांची मुलं आठवी-नववीत आहेत त्यांचा प्रश्न रास्त आहे. झालेल्या वर्षांचं काय धरणार हे शिक्षण खात्याला लेखी विचारा आणि उत्तर सभेत वाचून दाखवा.

घरपट्टी वाढते. नागरी संस्थेत ती मालमत्तेच्या किमतीवर बसते, ती किंमत सरकारी मार्गसूची दराशी (सरकारनं त्या भागातल्या जागेला ठरवलेल्या किमान भावाशी) जोडलेली असते, आणि मालकानं स्वतः हिशेब करून भरायची असते. ज्याचं कौलारू घर मोक्याच्या रस्त्यावर आहे, त्याच्या खिशाला ते जाणवतं. तालुका आणि जिल्हा पंचायतीचं मतदानही संपतं.

शेतकऱ्यांची भीती वेगळी आहे आणि ती हवेतली नाही. हलगा-मच्छे बायपासवेळी या भागानं सुपीक जमीन जाताना पाहिली आहे. दर्जा बदलला म्हणून कुणाची जमीन संपादित होत नाही, त्याचा कायदा वेगळा. पण शहराची हद्द आली की लेआउटचा दाब येतो हे खरं आहे. त्यामुळे हद्द ठरवतानाच सलग शेतीचे पट्टे बाहेर ठेवायची तयारी दाखवा. शेतकऱ्याला "तुझं काही होत नाही" म्हणण्यापेक्षा "तुझा सर्व्हे नंबर यादीत नाही, हा बघ" असं दाखवलं की तो ऐकतो.

आणखी एक खुलासा आवर्जून करा. आपल्याकडे बाँड पेपरवर घेतलेले गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट असंख्य आहेत. त्या मालकांना वाटतं की पट्टण पंचायत आली की उतारा आपोआप मिळेल. मिळत नाही. ग्रामपंचायतीत ई-स्वत्तू या ऑनलाइन मालमत्ता नोंदीवर फॉर्म ९ आणि ११ हे उतारे निघतात, नागरी हद्दीत त्यासाठी ई-आस्तीची पद्धत आहे. नोंदीची जागा बदलते, बेकायदा लेआउट कायदेशीर होत नाही. या आशेवर पाठिंबा गोळा कराल तर वर्षभरात तोच पाठिंबा तुमच्यावर उलटेल.

आता मिळणारं. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), सेक्रेटरी आणि बिल कलेक्टर यांच्यावर चालणाऱ्या कार्यालयाऐवजी मुख्याधिकारी, अभियंता, आरोग्य निरीक्षक आणि पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, अशी रचना येते. वित्त आयोगाचा नागरी संस्थांचा निधी, राज्याचं नागरी अनुदान, ड्रेनेज आणि पिण्याच्या पाण्याच्या शहरी योजना यांचं दार उघडतं. बांधकाम परवाना आणि व्यापार परवाना गावातच मिळू लागतो. गृहलक्ष्मी, अन्नभाग्य यांसारख्या राज्याच्या योजनांना गाव-शहर हा फरक नाही, त्या चालू राहतात. हा प्रश्न बायका सर्वात आधी विचारतात, त्याचं उत्तर तयार ठेवा.

शहराला अगदी खेटून असलेल्या गावात एक वाद हमखास निघतो. स्वतःची पट्टण पंचायत कशाला, सरळ बेळगाव महापालिकेत जाऊ. माझं मत स्पष्ट आहे. महापालिकेत तुमच्या गावाचा एखादा नगरसेवक असेल, ५८ जणांत एक. स्वतःच्या पंचायतीत सगळे सदस्य गावचे. खानापूरचंच पाहा, एवढ्याशा शहराला वीस प्रभाग आहेत. जे गाव शहरापासून वेगळं ओळखू येतं, त्यानं आपली संस्था मागावी.

ठराव

दोन ठराव लागतील असं धरून चला: एक ग्रामपंचायतीच्या सामान्य सभेचा, दुसरा ग्रामसभेचा. त्याआधी प्रभागसभा घेतल्या तर अधिक चांगलं. ग्रामसभेची नोटीस दवंडीनं, देवळाच्या आणि मशिदीच्या फळ्यावर, व्हॉट्सअॅपवर, सगळीकडे द्या. हजेरीवर सह्या घ्या आणि कोरम झाल्याची नोंद करून घ्या. विरोधी मतं आली तर तीही नडावळीत, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहा. विरोध नोंदवलेला ठराव एकमताच्या संशयास्पद ठरावापेक्षा जास्त टिकतो.

मजकूर साधा ठेवा. असा:

"आमच्या ग्रामपंचायतीतील ______ या गावांचा व सोबतच्या यादीतील सर्व्हे नंबरांचा मिळून ______ चौरस किलोमीटर भाग, लोकसंख्या ______ (जनगणना ______), घनता ______, बिगरशेती रोजगार ______ टक्के असल्याने, कर्नाटक नगरपालिका कायदा १९६४ च्या कलम ३४९ नुसार पट्टण पंचायत क्षेत्र म्हणून घोषित करावा, अशी ही सभा शासनाकडे शिफारस करते. हद्दीबाहेर राहणाऱ्या ______ या वाड्या ______ ग्रामपंचायतीस जोडाव्यात. मागील तीन वर्षांची करआकारणी व वसुली, नकाशा व चतुःसीमा सोबत जोडल्या आहेत."

करवसुलीचा तक्ता जोडा असं मी मुद्दाम म्हणतो. उत्पन्न हा घटनेनं सांगितलेला मुद्दा आहे. ज्या गावची निम्मी घरपट्टी थकलेली, ते गाव स्वतःचा कारभार पेलेल असं वर कुणाला वाटेल? अर्ज करायच्या आधीचं एक वर्ष थकबाकी वसुलीला द्या.

भाषा

बेळगाव, खानापूर, निप्पाणीत हा विषय टाळता येत नाही. घटनेच्या कलम ३५० नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क नागरिकाला आहे. मराठीत दिलेलं निवेदन नाकारता येत नाही. शिवाय जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात हे देशाचं मान्य धोरण आहे. जनगणनेत मातृभाषा नीट सांगा म्हणालो ते यासाठी.

पण फाइल कन्नडमध्ये चालते, आणि वाचणाऱ्याला वाचता येईल असा कागद देण्यात आपण काही गमावत नाही. मराठी निवेदन आणि सोबत त्याचा चांगला कन्नड मजकूर, दोन्ही द्या, दोन्हींवर पोच घ्या. गावातले कन्नड भाषिक शेजारी सह्यांत आणि समितीत पहिल्यापासून हवेत. गटार आणि पाणी दोघांचंही आहे. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावरची आपली भूमिका जशीच्या तशी ठेवून गावासाठी नागरी संस्था मागता येते. हा अर्ज म्हणजे ती भूमिका सोडणं नव्हे, हे कार्यकर्त्यांना आधी समजावून सांगा.

काही कन्नड शब्द ओळखीचे करून घ्या, म्हणजे फाइलवर काय लिहिलंय ते कळेल. दर्जा वाढवण्याला 'मेल्दर्जेगेरिसुवुदु', कच्च्या अधिसूचनेला 'करडु अधिसूचने', हरकतीला 'आक्षेपणे'. ठरावाला तर 'ठरावु'च म्हणतात.

फाइलचा प्रवास

पीडीओकडून तालुका पंचायतीचे कार्यकारी अधिकारी, तिथून जिल्हा पंचायतीचे सीईओ, आणि मग जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी कार्यालयातला जिल्हा नगरविकास विभाग तहसीलदारांकडून क्षेत्र आणि लोकसंख्येचा अहवाल मागवतो. इथे तुमचे आकडे आणि तहसीलदारांचे आकडे जुळले पाहिजेत. म्हणून तहसीलदार कार्यालयाशी आधीच एकदा ताळा करून घ्या. नंतर फाइल बेंगळूरला नगरप्रशासन संचालनालयात, तिथून नगरविकास खात्यात आणि सरकारच्या निर्णयासाठी जाते.

प्रत्येक टप्प्यावर जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. एक वही करा, त्यात फाइल कोणत्या दिवशी कुठे होती ते लिहा. महिनाभर हालचाल नसेल तर दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका: "सदर प्रस्तावावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी." तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा अर्ज पडल्यावरच फाइल हलते. आमदारांना आणि पालकमंत्र्यांना भेटायला जाताना ही वही सोबत न्या. "आमचं काम करा" म्हणण्यापेक्षा "अमुक क्रमांकाची फाइल अमुक तारखेपासून या टेबलावर आहे" म्हटलं की समोरचा माणूस फोन उचलतो.

तीस दिवस

सरकारनं मान्य केलं तर राज्यपत्रात कच्ची अधिसूचना येते आणि हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. हे तीस दिवस झोपून घालवू नका. राज्यपत्र कोणी वाचत नाही आणि फळ्यावरची नोटीस पावसानं भिजते. अधिसूचना मिळाली त्याच दिवशी सर्व्हे नंबरांची यादी स्वतःच्या यादीशी ओळ न् ओळ ताडून पाहा. एक आकडा चुकला, १४२/१ चा १४२/१अ झाला, की एखादं अख्खं लेआउट बाहेर राहतं.

पाठिंबा असणाऱ्यांनीही लेखी कळवायचं असतं, हे लोकांना माहीत नसतं. फक्त विरोधाचे अर्ज पोचले तर फाइलवर गाव विरोधातच दिसतं. अधिसूचनेत ज्या अधिकाऱ्याचं नाव दिलं आहे त्याच्याकडेच, मुदतीत, पोच घेऊन द्या. छापील एकसारख्या पाचशे अर्जांपेक्षा प्रत्येक गल्लीतून कारणासकट लिहिलेले वीस अर्ज बरे. हरकतींचा निपटारा झाला की अंतिम अधिसूचना निघते.

दर्जा मिळाल्यानंतरचं पहिलं वर्ष

ग्रामपंचायत संपते आणि निवडणूक होईपर्यंत प्रशासक बसतो. हा काळ लांबू शकतो. बेळगाव महापालिकेतच २०१९ मध्ये मुदत संपल्यावर निवडणूक झाली ती सप्टेंबर २०२१ मध्ये, मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशच्या प्रकरणात सांगितलं की प्रभागरचना किंवा आरक्षणाचं काम राहिलं म्हणून मुदत संपलेल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबवता येणार नाहीत. नव्या संस्थेच्या पहिल्या निवडणुकीसाठीही दाद मागायची वेळ आली तर वकिलाला हा निकाल दाखवा. आपल्यासाठी उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहे.

हस्तांतराच्या वेळी ग्रामपंचायतीची मालमत्ता, बँक खाती, देणी, कर्मचारी, गाळ्यांचे करार सगळं नव्या संस्थेकडे जातं. मागणी नोंदवही आणि जुन्या उताऱ्यांच्या प्रती निघताहेत तोवर काढून घ्या. आमच्याकडे एका कपाटातल्या वह्यांना वाळवी लागली होती, आणि ज्यांच्या घराची नोंद त्या पानांवर होती ते लोक आजही कागद शोधत फिरताहेत. वॉलमन (नळाला पाणी सोडणारे), सफाई करणारे रोजंदारी कामगार यांची नावं, सेवेची वर्षं आणि हजेरीचे पुरावे लेखी नोंदवून घ्या. बदलात सर्वात आधी तेच गळतात.

मग प्रभागरचना येते. तिची कच्ची यादी लागते, हरकती मागवतात. एका वस्तीचे तीन तुकडे तीन प्रभागांत गेले, की त्या वस्तीचा आवाज कुठेच उरत नाही. मराठी वस्त्यांच्या बाबतीत हे डोळ्यांत तेल घालून पाहा. मतदार यादीचे भाग क्रमांक आणि घर क्रमांक घेऊन बसा, प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या साधारण सारखी आहे का ते मोजा, आणि हरकत घेताना पर्यायी रचना नकाशासकट द्या. त्यानंतर आरक्षणाची यादी निघते आणि राज्य निवडणूक आयोग तारीख जाहीर करतो. मतदार यादीत नाव नव्या प्रभागात आलं की नाही, हे घरटी एकानं जाऊन बघून यायचं.